फायनान्ससाठी युनिव्हर्सिटी बदलू का? आधी उरलेली सेमिस्टर मोज

तुझा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तू नाशिकहून मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत 'प्री-बिझनेस' म्हणून आलास. मे महिन्यात पहिलं वर्ष संपेल तेव्हा ३१ क्रेडिट (डिग्रीसाठी कोर्स मोजण्याचं माप) हातात असतील. जीपीए, म्हणजे चारपैकी गुणांची सरासरी, ३.२, कॅल्क्युलसमध्ये बी-मायनस, फायनान्शियल अकाउंटिंगमध्ये बी-प्लस. तुला फायनान्स मेजर, म्हणजे मुख्य विषय, हवं आहे, पण तिथल्या बिझनेस स्कूलमध्ये शिरायला तिसऱ्या सेमिस्टरनंतर वेगळा अर्ज करावा लागतो. ३.२ जीपीए असला तर अर्ज करता येतो, प्रवेश मिळेलच असं नाही. मध्येच दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी युनिव्हर्सिटीने तुला थेट बिझनेस स्कूलमध्ये जागा देऊ केली. स्कॉलरशिप वजा जाता इथे वर्षाला ४६ हजार डॉलर लागतात, तिथे ६० हजार लागतील. होकार १ जूनपर्यंत कळवायचा आहे. बाबा म्हणतात, दार उघडलंय तर जा. आई म्हणते, वर्षभरात बस्तान बसलंय ते का मोडतोस.

मी अठरा वर्षं ट्रान्सफरच्या मुलांना सल्ला देण्याचं काम करते, आधी कम्युनिटी कॉलेजात (पहिली दोन वर्षं शिकवणारं कॉलेज) आणि आता युनिव्हर्सिटीत. त्या अनुभवावरून तुला एक विनंती आहे. 'कुठलं बिझनेस स्कूल चांगलं' हा प्रश्न आठवडाभर बाजूला ठेव. आजपासून डिग्री हातात पडेपर्यंत इथे किती सेमिस्टर लागतील आणि तिथे किती, एवढंच शोधून काढ. आणि हा आकडा अंदाजाने धरू नकोस, नव्या युनिव्हर्सिटीकडून लेखी घे.

तू लिहिलं आहेस की 'ते ३१ पैकी २७ क्रेडिट घेणार आहेत'. हे वाक्य मी दर वसंतात ऐकते, आणि बहुतेक घरं या वाक्यापाशीच फसतात. क्रेडिट 'घेणं' आणि क्रेडिट 'लागू होणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेश विभाग २७ क्रेडिट घेतो म्हणजे तुझ्या नव्या ट्रान्सक्रिप्टवर २७ हा आकडा दिसेल. त्यातली किती क्रेडिट फायनान्सच्या डिग्रीत बसतील, हे बिझनेस स्कूल ठरवतं. उरलेली 'जनरल इलेक्टिव्ह', म्हणजे ऐच्छिक विषय, या गाठोड्यात जातात. डिग्रीला १२० क्रेडिट लागतात हे खरं, पण बिझनेसच्या आराखड्यात मोकळ्या इलेक्टिव्हना जागा फार थोडी असते. गाठोडं भरलं की पुढची क्रेडिट कागदावर राहतात, उपयोगाला येत नाहीत. अमेरिकी संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या जीएओ या संस्थेने २०१७ मध्ये एक अहवाल दिला होता. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेल्याचा त्यांचा अंदाज होता. त्यात सगळ्या तऱ्हेची कॉलेजं होती, त्यामुळे तुझं नुकसान तेवढं होईलच असं नाही. पण २७ वर समाधान मानू नकोस.

नेमकं घोडं कुठे अडतं ते सांगते. पहिली जागा कॅल्क्युलसची. काही युनिव्हर्सिटींत 'बिझनेस कॅल्क्युलस' चालतं, काहींना इंजिनिअरिंगवाल्यांचं कॅल्क्युलस वन हवं असतं. तू कुठलं केलंस ते तू लिहिलेलं नाहीस. दुसरी जागा स्टॅटिस्टिक्सची. काही बिझनेस स्कूल स्वतःच्या विभागाचाच कोर्स मानतात, गणित विभागाचा कोर्स इलेक्टिव्हमध्ये ढकलतात. तिसरी गोष्ट क्वार्टर पद्धतीची. ती तुला लागू नसेल तरी वाचणाऱ्या कुणाला तरी असेलच. एक क्वार्टर क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचं दोन तृतीयांश क्रेडिट. चार क्वार्टर क्रेडिटचा कोर्स सेमिस्टरवाल्या युनिव्हर्सिटीत २.६७ म्हणून येतो आणि तीन क्रेडिटच्या अटीला थोडक्यात कमी पडतो. एवढ्या फरकासाठी मुलांना विनंतीअर्ज घेऊन विभागाचे उंबरे झिजवताना मी पाहिलं आहे.

आणि चौथी, सगळ्यात महागडी जागा म्हणजे कोर्सची साखळी. फायनान्सचे कोर्स एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. अनेक ठिकाणी क्रम असा असतो: फायनान्शियल अकाउंटिंग, मग मॅनेजरियल अकाउंटिंग, मग कॉर्पोरेट फायनान्स, मग इन्व्हेस्टमेंट्स, मग एखादा वरच्या पातळीचा कोर्स आणि शेवटी कॅपस्टोन, म्हणजे सगळं शिकलेलं एकत्र आणणारा समारोपाचा कोर्स. सहा कड्या, आणि एका सेमिस्टरमध्ये एकच कडी. तुझी पहिली कडी झाली आहे, पाच उरल्या, आणि वर्षं तीन म्हणजे सेमिस्टर सहा. हातात एक सेमिस्टर शिल्लक आहे. नव्या बिझनेस स्कूलने तुझं फायनान्शियल अकाउंटिंग मानलं नाही, तर सहा कड्यांना सहाच सेमिस्टर उरतील. मग मधला एखादा कोर्स फक्त फॉलमध्ये (ऑगस्ट ते डिसेंबरच्या सेमिस्टरमध्ये) असला, किंवा एखाद्या वर्गात जागा मिळाली नाही, की सातवं सेमिस्टर लागलंच. म्हणून २७ क्रेडिटच्या आकड्यापेक्षा त्या एका अकाउंटिंगच्या तीन क्रेडिटना मी जास्त महत्त्व देते.

आता पैशाचं बघू. वर्षाला १४ हजारांचा फरक, तीन वर्षांचे ४२ हजार डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर सुमारे ३८ लाख. सातवं सेमिस्टर लागलं तर आणखी ३० हजार, एकूण ७२ हजार डॉलर, म्हणजे जवळजवळ ६५ लाख. बाबांनी फ्लॅट तारण ठेवून ७५ लाखांचं कर्ज काढलंय असं तू लिहिलंस. हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बाबांना दाखव. त्यांना घाबरवायला नाही. 'जा' म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर वर्षाचे १४ हजार आहेत, ७२ हजार नाहीत. शिवाय परदेशी शिक्षणाचं कर्ज ठराविक युनिव्हर्सिटी आणि ठराविक कोर्ससाठी मंजूर झालेलं असतं. युनिव्हर्सिटी बदलली की बँकेला नवं प्रवेशपत्र आणि नवा आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो दाखला) देऊन मंजुरी बदलून घ्यावी लागते. ऑगस्टच्या फीची तारीख तोंडावर आली असताना बँकेत फाईल अडकलेली असणं हा फार वाईट अनुभव असतो. होकार देण्याआधीच शाखेत जाऊन विचारायला सांग.

जीपीएबद्दल एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. क्रेडिट नव्या युनिव्हर्सिटीत जातात, जीपीए सहसा जात नाही. तिथे तू कोऱ्या पाटीवर सुरुवात करशील. कॅल्क्युलसमधला बी-मायनस मागे राहील म्हणून तुला बरं वाटेल, आणि अभ्यासाची घडी बसली तर फायदाही होईल. पण फायनान्समधल्या नोकरभरतीचं वेळापत्रक बघ. मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप वर्षभराहून आधी भरायला घेतात, म्हणजे मुलं दुसऱ्या वर्षात असतानाच. तू ऑगस्टमध्ये नव्या ठिकाणी गेलास, तर त्या अर्जांच्या वेळी तुझ्याकडे नव्या युनिव्हर्सिटीचं एका सेमिस्टरचं गुणपत्रक असेल, क्लबमध्ये ओळखी नसतील, आणि शिफारस करेल इतका तुला ओळखणारा प्राध्यापक नसेल. तुझा रोख इन्व्हेस्टमेंट बँकिंगवर असेल, तर हे वर्ष जागा बदलायला सगळ्यात अडचणीचं आहे. कॉर्पोरेट फायनान्स, विमा, बँकेचा रिस्क विभाग असं काही मनात असेल, तर भरती थोडी उशिरा होते आणि ही अडचण बरीच सौम्य होते. तू फक्त 'फायनान्स' लिहिलंस. त्या शब्दात पाच वेगवेगळे व्यवसाय आहेत.

इथे मला जरा थांबून एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे, कारण तुझ्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. तुझ्या आय-ट्वेंटीवर मेजरच्या नावापुढे एक आकडा छापलेला असतो, त्याला सीआयपी कोड म्हणतात. फायनान्सचा नेहमीचा कोड ५२.०८०१. तो सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत नाही. म्हणजे डिग्रीनंतर ओपीटीवर (आपल्या विषयातलं काम करण्याची तात्पुरती परवानगी) १२ महिने काम करता येईल, पुढचे २४ महिने मिळणार नाहीत. मॅनेजमेंट सायन्सचा ५२.१३०१ यादीत आहे. बिझनेस ॲनालिटिक्सचा ३०.७१०२ आणि फायनान्शियल ॲनालिटिक्सचा ३०.७१०४ हे २०२२ मध्ये यादीत आले. साधं इकॉनॉमिक्स, ४५.०६०१, यादीत नाही. इकॉनोमेट्रिक्स आणि क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स, ४५.०६०३, यादीत आहे. एकाच नावाच्या मेजरला दोन युनिव्हर्सिटी वेगवेगळा कोड लावू शकतात. १२ महिने आणि ३६ महिने यातला फरक एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत कळतो. लॉटरी वर्षातून एकदा, मार्चमध्ये निघते. पहिल्या मुलाला जेमतेम एक-दोन संधी मिळतात, दुसऱ्याला तीन तरी. अमेरिकेतच जन्मलेल्या वर्गमित्राला या आकड्याशी काही देणंघेणं नाही, म्हणून तुझा ॲडव्हायझर तो आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. दोन्हीकडच्या मेजरचा कोड विचारून घे. हे नियम सध्या बदलते आहेत, त्यामुळे कोड कळल्यावर तो आज काय देतो हे इंटरनॅशनल ऑफिसकडून पक्कं कर.

व्हिसाच्या बाकीच्या गोष्टींना आईने फार घाबरू नये. पासपोर्टवरच्या शिक्क्यात जुन्या युनिव्हर्सिटीचं नाव असलं, तरी ट्रान्सफरमध्ये सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) क्रमांक तोच राहतो आणि मुदत असेतोवर तोच व्हिसा चालतो. जुन्या युनिव्हर्सिटीचा डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणारा अधिकारी, तुझं सेव्हिस रेकॉर्ड एका ठरलेल्या तारखेला सोडतो. त्या तारखेपर्यंत विचार बदलता येतो, नंतर दोरी नव्या युनिव्हर्सिटीच्या हातात जाते. कॅम्पसवरची जुनी नोकरीही त्याच दिवशी थांबवावी लागते. नव्या ठिकाणी कोर्स सुरू होण्याच्या तारखेपासून १५ दिवसांत डीएसओकडे हजेरी लावायची. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने एक प्रस्ताव मांडला होता: पहिलं शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय विद्यार्थ्याला युनिव्हर्सिटी बदलू देऊ नये. तुझं वर्ष मे महिन्यात पूर्ण होतंय, तरी आजची स्थिती डीएसओला विचारल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नकोस.

बदल कधी करावा, याचीही उदाहरणं माझ्याकडे आहेत. काही वर्षांपूर्वी पुण्याची एक मुलगी आली होती. तिला अकाउंटिंग करून सीपीए, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारखं, व्हायचं होतं आणि ती होती त्या कॉलेजात अकाउंटिंगचं मेजरच नव्हतं. नव्या ठिकाणी तिची ११ क्रेडिट इलेक्टिव्हमध्ये गेली. घरचे हळहळले. मी तिला जा म्हणाले, कारण सीपीएच्या परवान्यासाठी तिच्या राज्यात एकूण १५० क्रेडिट लागत होती, म्हणजे डिग्रीपेक्षा ३० जास्त. इलेक्टिव्हमध्ये गेलेली ती ११ क्रेडिट त्या १५० मध्ये मोजली गेली. इतरांसाठी जी वाया गेली असती ती तिच्या कामाला आली. (आता काही राज्यं १५० ची अट सैल करत आहेत, त्यामुळे हे गणित ज्याने त्याने आपल्या राज्यापुरतं तपासावं.) तिला हवा होता तो अभ्यासक्रमच तिथे नव्हता. तुझ्या युनिव्हर्सिटीत फायनान्स आहे, तुझ्यासमोर फक्त एक अर्जाचं दार आहे. या दोन परिस्थिती सारख्या समजू नकोस.

बिझनेसची डिग्री नसली तर फायनान्समध्ये शिरता येत नाही, ही समजूतही मनातून काढून टाक. हार्वर्ड आणि येलमध्ये पदवीपातळीवर बिझनेस मेजर नाही. यूसीएलएमध्येही नाही, तिथली मुलं इकॉनॉमिक्स विभागाचं बिझनेस इकॉनॉमिक्स करतात. शिकागो युनिव्हर्सिटीत पदवीची मुलं इकॉनॉमिक्समधूनच त्या वाटेला जातात. या नावांचं वजन तुझ्या युनिव्हर्सिटीला नसेल, हे मला मान्य आहे. तरी भरती करणारा माणूस अकाउंटिंग येतं का, आकडे वाचता येतात का, आधी कुठे काम केलंय हे बघतो. क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचं मेजर, जोडीला फायनान्स किंवा अकाउंटिंगचे बाहेरच्यांना खुले असलेले कोर्स, आणि स्टेमचा कोड: बिझनेस स्कूलने नाही म्हटलं तर उरणारी ही वाट दुय्यम नाही. तुझ्यासारख्या एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलासाठी काही बाबतींत ती उजवी आहे.

आता थांबण्याची दुसरी बाजू. तू इथेच राहिलास आणि डिसेंबरमध्ये बिझनेस स्कूलने नाकारलं, तर पुढची ट्रान्सफर तिसऱ्या वर्षात होईल, आणि ती आजच्यापेक्षा महाग पडेल. तेव्हा नव्या ठिकाणी शिकण्याची किमान सेमिस्टरची अट, तुटलेली साखळी आणि गेलेला भरतीचा हंगाम, तिन्ही अंगावर येतील. त्यामुळे 'डिसेंबरपर्यंत बघू, नाही जमलं तर तेव्हा बदलू' हा मधला मार्ग मला पटत नाही. राहायचं तर नकार आला तरी राहायचं, हे आजच ठरवून राहा. म्हणून वर इकॉनॉमिक्सबद्दल एवढं लिहिलं. ते मेजर घेऊन इथेच तीन वर्षं काढण्याची कल्पनाच तुला सोसत नसेल, तर आत्ताची जागा सोडणं धोक्याचं आहे, आणि मग बाबांचं म्हणणं मी मान्य करीन.

ट्रान्सफरचे नियम दर वर्षी हलतात, म्हणून मोठ्या भावंडांच्या सांगण्यावरही विसंबू नकोस. बर्कलेच्या हास स्कूलमध्ये वर्षानुवर्षं मुलं दोन वर्षं बर्कलेतच किंवा दुसरीकडे शिकून तिसऱ्या वर्षी अर्ज करत. २०२४ च्या फॉलपासून तिथे चार वर्षांचा कार्यक्रम सुरू झाला आणि बारावीनंतर थेट प्रवेश मिळू लागला. जुन्या विद्यार्थ्याने प्रेमाने दिलेला सल्ला आजच्या मुलाला चुकीच्या रस्त्याला नेऊ शकतो. बे एरियातल्या आपल्या मराठी घरांतून ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेली मुलं डी आन्झासारख्या कम्युनिटी कॉलेजातून यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) जातात, त्यांनी 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर कोर्सला कोर्स ताडून बघावा. यूसीत ट्रान्सफरची हमी देणारी योजना डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसना आहे. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोला नाही.

तू या आठवड्यात तीन ईमेल लिही. पहिलं नव्या बिझनेस स्कूलच्या ॲडव्हायझरला, प्रवेश विभागाला नव्हे. सोबत प्रत्येक कोर्सचा पूर्ण सिलॅबस जोड, पुस्तकाचं नाव आणि आठवड्याचं वेळापत्रक असलेला. विचार की माझा प्रत्येक कोर्स फायनान्सच्या कुठल्या अटीत बसतो, आणि मला सेमिस्टरवार आराखडा पाठवाल का. स्कॉलरशिप किती वर्षं टिकते आणि कुठल्या जीपीएवर, हेही त्यातच विचार. दुसरं ईमेल तुझ्या आजच्या बिझनेस स्कूलला: गेल्या वेळी आतल्या अर्जातून घेतलेल्या मुलांचा जीपीए साधारण किती होता, कॅल्क्युलस पुन्हा करता येतं का, आणि पुन्हा केलं तर जुना ग्रेड मोजतात का. तिसरं दोन्हीकडच्या इंटरनॅशनल ऑफिसला, सीआयपी कोडसाठी. उत्तर आलं नाही तर तिसऱ्या दिवशी फोन कर. आपल्याकडची मुलं संकोचाने थांबतात आणि मुदत निघून जाते.

लेखी आराखड्यात अकाउंटिंग मानलेलं असेल, सहा सेमिस्टरमध्ये डिग्री बसत असेल, आणि ४२ हजारांचा फरक घर न पिळवटता निघत असेल, तर जा. त्यातली एक जरी गोष्ट नसेल, तर नम्रपणे नकार कळव, ऑगस्टमध्ये मॅनेजरियल अकाउंटिंग आणि इकॉनॉमिक्सचा इंटरमीडिएट मायक्रो या दोन्हींना नाव नोंदव, म्हणजे डिसेंबरचा निकाल कुठलाही लागला तरी तुझं सेमिस्टर फुकट जाणार नाही. आराखडा आला की मला पाठव. मी तुझ्याबरोबर एकेक ओळ बघेन, आणि बाबांना फोनवर काही विचारायचं असेल तर रविवारी सकाळी, त्यांच्या संध्याकाळच्या वेळेला, मी मोकळी असते.